आमच्याकडे असलं ऐकत नाहीत

वाचकांची पत्रं आणि त्यांना उत्तरं

गेल्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं, की घरात कुठलं गाणं लावतात यापेक्षा कुठलं गाणं लागल्यावर कोणीतरी उठून रेडिओ बंद करतं, हे पोरांच्या जास्त लक्षात राहतं. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेकांत एक वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात आहेच: ‘आमच्याकडे असलं ऐकत नाहीत.’ नाव छापू नका अशी बऱ्याच जणांची अट होती, म्हणून सगळ्यांचीच नावं गाळली. गावं ठेवली आहेत.

मी फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घर साखळीजवळ. आजोबा भजनी मंडळात गायचे, आता बाबा गातात. मी हिपहॉप आणि टेक्नो ऐकतो. बाबांचं म्हणणं, हा नुसता आवाज आहे, गाणं नव्हे. यंदा त्यांच्याबरोबर वास्कोच्या सप्ताहाला गेलो आणि चक्क पहाटेपर्यंत बसलो, आवडलं म्हणून. मित्रांना मात्र सांगितलं की बाबांना गाडीने सोडायला गेलो होतो. मी खोटारडा आहे का? की माझी आवड माझी नाहीच, घरची आहे?

तू खोटारडा नाहीस, तिसऱ्या वर्षाला आहेस. त्या वयात मित्रांपासून लपवायच्या गोष्टींची यादी लांबलचक असते, आणि त्यात भजन बरंच खाली येतं.

बाबांच्या ‘गाणं नव्हे’कडे आधी वळू. माझे वडील पेटी वाजवायचे. जत्रेच्या नाटकांना, भजनांना, जिथून बोलावणं येईल तिथे जायचे. त्यामुळे भजनाची बैठक मी लहानपणी त्यांच्या पाठीला टेकून ऐकली आहे. तिथून बुवांचा चेहरा दिसत नाही, भात्यावरचा हात तेवढा दिसतो. रूपाच्या अभंगाला तो हात शिस्तीत हलायचा. गवळण आली की बुवा मोकळे होत, वडिलांची बोटं भलत्याच चालीवर जात आणि पलीकडे बसलेल्या बायका एकमेकींना कोपर मारून हसत. कारण चाल नुकत्याच पणजीच्या थेटरात लागून गेलेल्या हिंदी सिनेमाची असायची. गोपींच्या तक्रारी आणि चाल शंकर-जयकिशनची! देवळात बसलेल्या एकाही म्हाताऱ्याला त्यात वावगं वाटत नसे. तुझ्या आजोबांच्या मंडळातही असं काही झालंच असणार. बाबांना विचार, गवळणीच्या जुन्या चाली कुठून आल्या. ते आधी नाही म्हणतील, मग एखादी गुणगुणून दाखवतील.

यातली गंमत पुढेच आहे. शंकर-जयकिशनच्या गाण्यांत मागे तो भरगच्च व्हायोलिनचा ताफा वाजतो ना, त्याची मांडणी वर्षानुवर्षं सेबॅस्टियन डिसोझा करत. ते गोंयकार. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे; १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधलं ते नाव म्हणजे शिष्याने गुरूला केलेला नमस्कार. सी. रामचंद्रांबरोबर ट्रम्पेट वाजवणारे चिक चॉकलेट हळदोण्याचे. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांत पोरांना सोल्फेज शिकवत, म्हणजे कागदावर मांडलेले स्वर बघून गायला-वाजवायला शिकवत. सिनेमाच्या स्टुडिओंना कागद वाचून पहिल्या फटक्यात वाजवणारी माणसं हवी होती, आणि अशी माणसं गोव्यात गावोगाव तयार होत होती. ती बोटीने, आगगाडीने मुंबईला गेली. त्यांनी वाजवलेलं रेडिओवरून आणि थेटरातून परत इथे आलं, बुवांच्या कानावर पडलं आणि गवळणीत शिरलं. तेव्हा साखळीच्या देवळातल्या तुमच्या घरंदाज भजनात सासष्टीच्या एखाद्या चर्चशाळेतल्या मास्तरांचाही हात आहे. बाबांना हे सांगताना जिंकल्यासारखं तोंड करू नकोस, नुसतं सांग.

आता तुझ्या आवडीचं. घर आपल्याला पहिला कान देतं यात शंका नाही. आठ मात्रांचा भजनी ठेका तू पाळण्यात ऐकला असशील, म्हणून पहाटेपर्यंत बसवला. बाहेरून आलेल्या मुलाला तो तासाभराने एकसुरी वाटला असता. पण मी आणि दादा एकाच रेडिओखाली वाढलो. दादा मडगावला बँकेत लागला, खोलीवरचे सोबती निघाले तियात्राचे, म्हणजे कोंकणी नाटकांचे, वेडे, आणि वर्षभरात त्याला त्यातली कांतारां, म्हणजे गाणी, पाठ झाली. कोंकणी गायिका लोर्नाची गाणी लागली की अजून त्याचा पाय हलतो. मी फोंडा सोडला नाही, माझा पाय तिथे हलत नाही. घर तेच, आई-बाप तेच. तेव्हा आवड घरची की माझी, हा हिशेब सोडून दे, तो जुळत नाही.

राहिला टेक्नो. मला स्वतःला तो झेपत नाही. थोड्या वेळाने मी घड्याळ बघायला लागते. तरी बाबांना ऐकवायचा असेल तर टेक्नोपासून सुरुवात करू नकोस, हिपहॉपपासून कर, आणि तेही मराठी किंवा कोंकणी. भजनी माणूस आधी शब्द ऐकतो. यमक कुठे पडतं, श्वास कुठे घेतला, ठेक्याच्या पुढे जाऊन शब्द परत समेवर कसा आणला, हे तुझ्या बाबांना तुझ्यापेक्षा लवकर कळेल. मग कधीतरी गाडीत टेक्नो लाव आणि गजर चढतो तिथली आठवण करून दे. एकच ओळ, टाळ वाढत जातात, लय दुप्पट होते आणि मंडपातला प्रत्येक जण डोलायला लागतो. त्यांनी ‘बंद कर’ म्हटलं तर बंद कर. गाडी त्यांची असेल.

माझ्या माहेरी फक्त नाट्यसंगीत. सासरी सकाळपासून टीव्ही. मुलगी चार वर्षांची आहे. सासूबाई तिला मांडीवर घेऊन मालिका बघतात, तिला सगळ्या मालिकांची शीर्षकगीतं येतात, एकही नाट्यपद येत नाही. तिचा कान बिघडेल का? तिला नेमकं काय ऐकवावं? (म्हापसा)

कान बिघडत नाही, आणि मालिकेच्या गाण्याने तर नाहीच. बेलफास्टचे मानसशास्त्रज्ञ पीटर हेपर यांनी १९८८ मध्ये एक मजेदार गोष्ट दाखवली होती. गरोदरपणी आयांनी जी मालिका नेमाने पाहिली, तिचं शीर्षकगीत लागलं की त्यांची नवजात बाळं शांत होऊन ऐकत. म्हणजे सासूबाई तुमच्या पोटात बाळ असताना शेजारी बसून मालिका बघत असतील, तर तुम्हाला उशीर झाला आहे.

दुसरी गोष्ट जास्त कामाची. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरल क्रुमहान्सल यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विशीतल्या मुलांना जुनी गाणी ऐकवली होती. मुलांना स्वतःच्या काळातली गाणी जवळची वाटली, त्यात नवल नाही. पण आई-वडिलांच्या तरुणपणातल्या गाण्यांशीही त्यांचं नातं निघालं, आणि त्याच्याही मागे, आजी-आजोबांच्या काळापर्यंत. त्यांना बसवून कोणी शिकवलं नव्हतं. मोठी माणसं आपल्यासाठी लावत होती, पोरं तिथे होती, एवढंच.

तेव्हा मुलीला ऐकवण्यासाठी काही लावू नका. तुम्हाला हवं म्हणून लावा. त्याहून बरं, तुम्हीच म्हणा. माहेरी इतकी नाट्यपदं कानावर पडली, त्यातली किती तुम्ही सासरी तोंडाने म्हणता? तवा तापेपर्यंत एक कडवं होतं.

आणि सासूबाईंच्या हातातला रिमोट ओढून घेऊ नका. आमच्या आत्याला सिनेमातली क्लबातली गाणी चालत नसत. रेडिओवर तसलं काही लागलं की ती हातातलं टाकून उठायची. पण ती गुडघ्यावर हात ठेवून उठेपर्यंत, ओसरीवरून आत येईपर्यंत आणि बटण सापडेपर्यंत मुखडा वाजून झालेला असे. आज वय झालं तरी मला त्या सगळ्या गाण्यांचे मुखडे चोख पाठ आहेत, अंतरा एकाचाही येत नाही. आत्याला जे आवडायचं, ते पूर्ण वाजलेलं असूनही मला तितकं आठवत नाही.

आमच्या पिढीने अभिषेकीबुवांची नाट्यपदं ऐकली. आजची लोकप्रिय गाणी म्हणजे शब्दांची मोडतोड आणि ठोकाठोक. चवथीला घरोघर घुमट आरत्या होत, आता विसर्जनाला डीजे. नातवंडांना काही सांगावं तर हसतात. कुटुंबांनी संस्कार करणं सोडलं म्हणून ही वेळ आली असं आपणास वाटत नाही का? स्पष्ट लिहावे. (निवृत्त मुख्याध्यापक, पेडणे)

स्पष्ट लिहिते, सर. डीजेबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. आमच्या वाड्यावरून तो गेला तेव्हा कपाटातल्या कपबश्या वाजत होत्या. पण तो आवाजाचा प्रश्न आहे, आवडीचा नव्हे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा नाही, हा नियम २००० सालापासून आहे. त्या स्पीकरच्या भिंतींवर कोणी अभंग लावला तरी मी तक्रार करीन. ते काम पोलिसांचं, त्याला संस्कारांच्या खात्यात कशाला घालायचं?

लोकप्रिय गाण्याबद्दल मात्र माझं तुमच्याशी जमायचं नाही. संस्कार करून बघितलेले आहेत, सर. तेही सरकारी पातळीवर. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. आपला मराठी माणूस, शास्त्रीय संगीतावर जीव असलेला. त्यांच्या काळात ऑल इंडिया रेडिओवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली, जागा शास्त्रीय आणि सुगम संगीताला मिळाली. हेतू अगदी तुमच्यासारखाच होता. देशाने काय केलं? रेडिओची सुई सिलोन केंद्रावर नेली. अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली तीही १९५२ च्याच शेवटी. अखेर १९५७ मध्ये सरकारला विविध भारती काढावी लागली. आमच्या घरीच बघा. वडील खाजगीत केसकरांचं कौतुक करायचे आणि बुधवारी रात्री सिलोन लावायचे.

माझ्या वडिलांच्या पेटीची कथा तर आणखी वेगळी. हे विलायती वाद्य, याच्यावर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक सूर, मिळत नाहीत, म्हणून ते १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर बंद होतं. १९७१ मध्ये ती बंदी सैल झाली. आज पेटीशिवाय देवळात भजन होईल का? पेडण्यात कोणाला ‘हे परकं वाद्य उचला’ म्हणून बघा. अभिषेकीबुवांचंही तेच. ‘मत्स्यगंधा’ १९६४ चं, ‘कट्यार’ १९६७ चं. तुमच्या आमच्या लेखी ते सोनं. पण आपल्या वडिलांच्या पिढीचं नाट्यसंगीत म्हणजे बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ. त्यांच्यापुढे मंगेशीचा हा तरुण माणूस नवाच होता, आणि आमच्या वडिलांनी त्याची पदं पेटीवर बसवायला बराच वेळ घेतला. ‘दीनानाथांची तान कुठे आणि हे कुठे’ ही कुरकुर मी घरात ऐकलेली आहे. पुढे तेच वडील ती पदं वाजवताना डोळे मिटायचे.

आजची सगळीच गाणी चांगली आहेत असं मी म्हणत नाही. बरीच भिकार आहेत. टीव्हीवर पाच वर्षांच्या मुलीला लावणी म्हणायला लावून परीक्षक रडतात, ते मला बघवत नाही. पण भिकार गाणी तेव्हाही ढिगाने होती. ती आपण विसरलो आणि चांगली तेवढी लक्षात ठेवली. आजच्यांची चाळण अजून व्हायची आहे.

नातवंडं हसतात याचं कारण तुम्ही त्यांना ऐकायला सांगता. वाजवायला द्या. घुमट म्हणजे एका तोंडावर कातडं ताणलेला मातीचा घडा; त्याला गोवा सरकारने २०१९ मध्ये वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, पण फलकावर नाव लागून ते वाजत नाही. चवथीच्या आधी महिनाभर एक घुमट घरात आणून ठेवा. घोरपडीच्या कातड्याचं जुनं असेल तर ते आता कायद्यात बसत नाही, बकऱ्याच्या कातड्याचं घ्या. पावसाळी हवेत ते सैल पडतं, मग चुलीच्या उबेला धरून ताणावं लागतं. हे काम नातवाला सांगा. किती जवळ धरायचं, टिचकी मारून कधी थांबायचं, हे एकदा हाताला कळलं की पोरगं ते कोणाच्या हातात देत नाही. उजव्या हाताने कातड्यावर थाप आणि डाव्या तळव्याने मागच्या तोंडाशी वारा अडवायचा, सोडायचा. तो ‘घुम्म’ जमेपर्यंत त्याला ‘आमच्या वेळी’ हे दोन शब्द ऐकवू नका. जमल्यावर साथीचा शामेळ, म्हणजे ढोल, कोण वाजवणार आणि कासाळे, म्हणजे झांज, कोण, यावरून भावंडांत मारामारी होईल, तेव्हा मध्ये पडायला तुम्ही आहातच.

आमच्या घरात सगळे गातात. मला कुठलंच गाणं ऐकावंसं वाटत नाही, ना जुनं ना नवं. घरचे म्हणतात, हा आपल्यातला नव्हेच. (मडगाव)

अशी माणसं असतात. बार्सिलोनातल्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास केला आहे. कान उत्तम, सूर ओळखता येतो, जेवणखाण, पैसाअडका, इतर सगळ्यात रस, फक्त संगीताने आत काही हलत नाही. तुमच्यात खोट नाही आणि घरच्यांच्यातही नाही. जत्रेच्या नाटकाला प्रत्येक मंडळात पावत्या फाडायला एक असा माणूस हवाच असतो जो ‘मलाही एक पद द्या’ म्हणणार नाही. तुम्हाला मागणी आहे.

पुढची दोन पत्रं वेगवेगळ्या दिवशी आली. मी ती मुद्दाम शेजारी छापते आहे आणि उत्तर एकत्रच देते.

माझी मुलगी २२ वर्षांची. लहानपणापासून शास्त्रीय शिकते, विशारद झाली. आता कांदोळीच्या एका हॉटेलात आठवड्यातून दोन संध्याकाळी हिंदी-इंग्रजी गाणी म्हणायचं काम आलं आहे. ती तयार आहे. यजमान म्हणतात, आमच्या घरात असलं कोणी केलेलं नाही. मी मध्ये सापडले आहे. (डिचोली)

मी साठी ओलांडली आहे. आजी गाणारी होती, हे मला आत्ता, आत्याच्या शेवटच्या आजारपणात कळलं. घरात कधी कोणी बोललं नाही. आईने आम्हा बहिणींना गाऊ दिलं नाही, शाळेच्या गॅदरिंगमध्येसुद्धा नाही. पण रेडिओवर मोगूबाई लागल्या की ती हातातलं काम ठेवून बसायची. माळ्यावर चादरीत गुंडाळलेला तंबोरा आहे, तारा नाहीत. नातीला गाणं शिकायचं आहे. तो तिला द्यावा का? आणि काय सांगून द्यावा? (फोंडा तालुका)

डिचोलीच्या बाईंना आधी एवढंच सांगते, की ‘असलं कोणी केलेलं नाही’ हे वाक्य गोव्यात जरा जपून वापरावं. खालचं पत्र वाचून झालं की ते का, हे यजमानांनाही कळेल.

ज्या गाण्याला आज आपण घरंदाज म्हणतो, ते गोव्यात कोणी जपलं? देवळाच्या सेवेला बांधलेल्या घरांतल्या बायकांनी. फोंड्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर, सांगे तालुक्यातल्या कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, पेडण्यातल्या मालप्याच्या अंजनीबाई मालपेकर. मास्टर दीनानाथांची आई येसूबाई मंगेशीच्या देवळात गायची. यांनी जे सोसलं त्याची यादी मी इथे करत नाही. गावाने त्यांचं गाणं पालखीपुढे ऐकलं, पण लग्नाच्या पंगतीला त्यांचं पान वेगळं मांडलं. त्या मुंबईला गेल्या, उस्तादांच्या मिनतवाऱ्या करून शिकल्या आणि मोठ्या झाल्या. केसरबाईंची भैरवी, ‘जात कहाँ हो’, १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर गेली. इकडे याच गोव्यात पुढची कितीतरी वर्षं केसरबाईंची तबकडी दिवाणखान्यात लावणारी घरं स्वतःच्या मुलीला ‘चारचौघांत गायचं नाही’ म्हणून दटावत होती. यात विसंगती आहे असं कोणाला वाटलं नाही. आवड आणि अब्रू यांचे दोन वेगळे डबे होते.

फोंड्याच्या बाई, तुमच्या आईला दोष देऊ नका. देवळाच्या सेवेला बांधलेल्या त्या समाजाने एका पिढीत ठरवून गाणं आणि नाचणं थांबवलं, मुलींना शाळेत घातलं, लग्नं लावली. किंमत म्हणून गळे बंद झाले. तुम्ही शिकलात, नोकरी केली असेल, चारचौघींसारखा संसार केलात, तो त्या बंद गळ्यांच्या जोरावर. आईला गाणं नको असतं तर ती मोगूबाईंना ऐकायला बसली नसती. तिला तुम्ही त्या ओळखीने ओळखले जायला नको होतात. फरक आहे, आणि तो नातीला सांगण्यासारखा आहे. सगळं सांगा. खापरपणजी कोण होती, कुठे गायची, नंतर गप्प का बसली. ‘आपल्याकडे जुना तंबोरा होता’ एवढंच सांगून देऊ नका. अकरा-बारा वर्षांची मुलगी असेल तर तिला कळतं.

आता डिचोली. किशोरीताई आमोणकरांची गोष्ट यजमानांना सांगा. १९६४ मध्ये त्यांनी ‘गीत गाया पत्थरों ने’ या सिनेमाचं शीर्षकगीत म्हटलं. आई मोगूबाईंना ते अजिबात रुचलं नव्हतं, हे किशोरीताई स्वतः मुलाखतींत सांगत. त्या सिनेमापासून दूर झाल्या. पण १९९० च्या ‘दृष्टी’ला त्यांनीच संगीत दिलं, गायल्याही. म्हणजे दार कायमचं बंद झालं नव्हतं. मोगूबाईंच्या विरोधात मला अब्रूची भीती दिसत नाही. तिला काय भ्यायच्या त्या, तिच्यापायी सोसायचं ते सगळं त्यांचं आधीच सोसून झालं होतं. त्यांना काळजी होती ती इतक्या मेहनतीने बसवलेल्या गळ्याची.

तेव्हा यजमानांना विचारा, तुमची काळजी गळ्याची की अब्रूची? गळ्याची असेल तर ती खरी आहे आणि तिच्यावर उपाय आहेत. मुलीची पट्टी काळी चार असेल आणि हॉटेलातला वादक मूळ रेकॉर्डच्या पट्टीत वाजवायचा हट्ट धरत असेल, तर तिने नाही म्हणायला शिकलं पाहिजे. कीबोर्डवर पट्टी बदलायला एक बटण लागतं. स्वतःचा आवाज नीट ऐकू येईल असा स्पीकर समोर मागून घ्यावा, नाहीतर गाणारा ओरडतो आणि आठवड्याभरात घसा बसतो. एसीच्या झोतात उभं राहू नये. दुसऱ्या दिवशी सकाळचा खर्जाचा, म्हणजे खालच्या सुरांचा, रियाज चुकवू नये. गुरूंना आधी सांगावं, नंतर कळण्यापेक्षा ते बरं. पैसे किती, किती वाजता सुटायचं, परत आणून सोडायला गाडी कोणाची, हे कागदावर घ्यावं. गोव्यात हा रोजगार आहे, शेकडो घरं त्यावर चालतात. आणि हॉटेलात सिनेमाचं गाणं सुरेल म्हणणं सोपं आहे असं ज्याला वाटतं त्याने, समोर माणसं मासळी खात असताना, एकदा म्हणून बघावं.

काळजी अब्रूची असेल तर पहिल्या संध्याकाळी यजमानांना घेऊन जा. पुढच्या टेबलावर बसवा, सोलकढी मागवा. बाप समोर बसलेला दिसला की हॉटेलवाले, वादक आणि दारू चढलेले पाहुणे, सगळेच जरा सरळ वागतात.

आणि तंबोरा. माळ्यावरून उतरवताना दांडी धरून उचलू नका, तुंब्याखाली हात घाला. वर्षानुवर्षं तारा नाहीत म्हणजे दांडीवर ताण नव्हता, ते बरंच झालं. पण सांधा सुटलेला असू शकतो. तुंबा हा भोपळा आहे, वाळून त्याला चीर गेली असेल तर टिचकी मारल्यावर फुटका आवाज येतो. गावातल्या सुताराला दाखवू नका, तो प्रेमाने डिंक भरील आणि वरून पॉलिश मारील, मग आवाज गेला. मिरजेला न्या. सतार-तंबोऱ्यांचं काम तिथे पिढ्यानपिढ्या चालतं, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारींना आणि तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. गोवा एक्सप्रेस मिरजेवरून जाते. गाडीने गेलात तर मागच्या सीटवर गादी घालून आडवा ठेवा, डिकीत नको. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, झिजली असेल तर कारागीर ती घासून जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, नव्याने काढून देतील, त्याला वेळ लागतो, घाई करू नका. तारा कुठल्या जाडीच्या घालायच्या हे पट्टीवर ठरतं, म्हणून निघण्याआधी नातीच्या गुरूंकडून तिची पट्टी विचारून घ्या. अजून गुरूच ठरले नसतील तर आधी ते ठरवा. तंबोरा इतकी वर्षं थांबला, आणखी दोन महिने थांबेल. पण मिरजेला जाताना नातीला बरोबर न्या, शाळा बुडली तरी चालेल.